सत्तावीस आणि एकोणीस

व्हायल्ला. जानेवारी. रात्रीचे नऊ,
आणि पत्र्याची शेड अजून दिवसाची धग परत करते आहे.
जुन्या वर्तमानपत्रांवर
मागचा ॲक्सल उताणा पडलाय, पोट उघडं,
कातरायला आणलेल्या मेंढीसारखा निमूट.

ट्रकचा आहे तो. बाबांनी भंगारातून उचलला
तेव्हा झ्वोंको हसला होता:
क्लेम, गाडी पळवायचीय की जमीन नांगरायचीय?
पण मिठावर जडपणाची लाज नसते.
हलकी गाडी तिथे जागच्या जागी चाकं फिरवत बसते,
बोलघेवड्या माणसासारखी.

डिफरन्शियल काढून टाकलं आम्ही.
वळणावर आतलं चाक सावकाश, बाहेरचं चपळ,
दोघांनी एकमेकांना सांभाळून घ्यावं म्हणून असतं ते.
गेर्डनर सरोवरावर वळणच नाही.
दोन्ही चाकं एकाच दांड्याला जखडली.
ॲडलेडला फोनवर आईला हे सांगितलं
तर ती म्हणाली, त्यांना नेहमी असंच हवं होतं.

उरला प्रश्न दातांचा.
मागच्या झाकणाआड दोन छोटी चक्रं:
बदलायला वीस मिनिटं,
ठरवायला तीन वर्षं.

तीन मार्च आम्ही सत्तावीस-अठरावर धावलो,
तिन्ही वेळा एकशे चौऱ्याण्णव मैल.
देश किलोमीटरात गेला तेव्हा मी जन्मलेही नव्हते,
मिठावर मात्र अजून मैलच चालतात.
बाबांचं म्हणणं सरळ: आणखी उंच गियर घाल.
इंजिन एकदा फिरलं की चाकानं जास्त जमीन कापावी,
साधी गोष्ट आहे, वर्ना.

साधी नाही.
मी काट्याची नोंद उघडली. सहा हजार चारशेवर तो थकतो,
आणि आपल्या इंजिनाचा खरा जोर एकोणसत्तरशेला.
तिथवर ते कधी पोचलंच नाही, बाबा.
वारा छातीवर बसतो आणि तुम्ही त्याला लांब ढांगा टाकायला सांगता.
चारशे दहा घोडे, एवढंच आपलं अंथरूण.
पाय आखडा.
एक दात वाढवू. सत्तावीस-एकोणीस.

म्हणजे हळू?
म्हणजे हळू. प्रत्येक फेऱ्यात थोडं कमी अंतर.
एकाहत्तर वर्षांचा माणूस
हातातलं चक्र दिव्याखाली फिरवत राहिला,
एकेक दात अंगठ्यानं मोजत,
जणू माझ्या शाळेत अजून गणित नीट शिकवत नाहीत.
मग काही न बोलता त्यांनी तेलाचा डबा पुढे सरकवला.

मार्चमध्ये मीठ कडक होतं.
तांबड्या टेकड्या, त्यांच्या पायाशी हे पांढरं,
गाडीखाली ताडपत्री, कारण इथे तेलाचा थेंब सांडायचा नाही,
ज्यांची ही जमीन आहे त्यांना वचन दिलेलं.
माश्या इंग्लंडच्या राणीलाही सोडणार नाहीत अशा.
बाबा आत सरपटले, मी पट्टे आवळले,
गुडघा कुठेतरी अडला, त्यांनी शिवी दिली, तो सुटला.

मग फक्त आवाज.
पहिल्यांदाच तो आवाज वर चढत गेला,
दरवर्षी जिथे दम टाकायचा ती जागा ओलांडून,
आणि माझ्या हातातला चहा
कपातच थरथरत राहिला, आवाज विरल्यावरही.

ट्रॅकच्या टोकाला गाठलं तेव्हा ते बोनेटला टेकून उभे होते,
भुवयांत मीठ.
चिठ्ठीवर एकशे सत्त्याण्णव.
मी काटा पाहिला, पाटीवर आकडे मांडले, परत मांडले.
चाकं दोनशे तीनच्या वेगानं फिरली होती.
सहा मैल कुठे गेले?

घसरले, मी म्हटलं. पकड सुटली.
बाबांनी टायरवर हात फिरवला,
चिकटलेले पांढरे कण जिभेला लावले.
एवढं मीठ खाल्लंन, म्हणाले,
आणि खाल्ल्या मिठाला जागली नाही.

घरी येताना किंबाच्या पंपावर थांबलो.
ते पाय मोकळे करायला गेले
आणि टायरवाल्याच्या कचऱ्यातून
रंगाचा जुना डबा भरून आले,
चाकं तोलायचे शिशाचे तुकडे.
डबा दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसले.
ॲक्सलवर, म्हणाले. बरोब्बर मधोमध.
आणि गियर?
तो राहू दे.